न्यायालयीन कर्मचाऱ्यांच्या गैरवर्तनावरची कारवाई: तक्रारीच्या अर्जापासून अपिलापर्यंत, एका व्यवस्थेचे परीक्षण

जिल्हा किंवा तालुका न्यायालयातल्या कर्मचाऱ्याने अरेरावी केली, अर्ज घ्यायला नकार दिला, समन्स बजावायला 'गाडीभाडे' मागितले, तर त्याच्यावर कारवाई करणारी यंत्रणा महाराष्ट्रात आहे. ती लेखी नियमांवर चालते आणि नीट वापरली तर फळही देते. पैशांची अफरातफर, खोटा बजावणी अहवाल, लाच अशा मोठ्या गैरवर्तनासाठी ही यंत्रणा सावकाश पण पक्की आहे. रोजच्या उद्धटपणासाठी तिच्या पेटीत एक नेमके हत्यार आहे, तेच सर्वात कमी बाहेर काढले जाते. आणि तक्रारदाराला शेवटी काय झाले ते सांगण्याच्या बाबतीत ती फारच कच्ची आहे. पक्षकार, नवे वकील आणि खुद्द कर्मचारी या तिघांनाही तिच्याशी कधी ना कधी गाठ घालावी लागते, म्हणून ती आतून कशी चालते हे तपशिलात पाहू.

अधिकार कोणाचा

जिल्ह्यातल्या सर्व कनिष्ठ न्यायालयांतले लिपिक, सहायक अधीक्षक, अधीक्षक, नाझर (न्यायालयात जमा होणाऱ्या रकमा सांभाळणारा), बेलिफ (समन्स बजावणारा), लघुलेखक, शिपाई यांच्यावरचा शिस्तभंगाचा अधिकार प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडे असतो, कारण नेमणूक त्यांची असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 311 प्रमाणे नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला बडतर्फ करता किंवा सेवेतून काढून टाकता येत नाही. म्हणून तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशांकडे दिलेली तक्रार वाया जात नसली, तरी ते अहवाल जोडून ती वर पाठवतात, एवढेच. त्यात वेळ जातो. सरळ प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या नावाने अर्ज लिहावा आणि एक प्रत तालुका न्यायालयाच्या आवक विभागात द्यावी.

पायाचे नियम दोन. वागणूक कशी असावी ते महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 सांगतात. चुकले तर काय करायचे ते महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम 1979 सांगतात. वर्तणूक नियमांतला नियम 3 सगळ्यांच्या तोंडी असतो: नितांत सचोटी, कर्तव्यपरायणता, आणि शासकीय कर्मचाऱ्याला न शोभणारे काहीही न करणे. उर्मट वागणुकीचे दोषारोप बहुधा या तिसऱ्या भागाखाली ठेवले जातात.

चुकीच्या दारात जाऊन महिने घालवणारे पुष्कळ आहेत. 1971 च्या महाराष्ट्र लोकायुक्त कायद्याने न्यायालयाचे अधिकारी आणि नोकर लोकायुक्तांच्या चौकशीबाहेर ठेवले आहेत, त्यामुळे तिथे पाठवलेला अर्ज परत येतो. मंत्रालयातल्या विधी व न्याय विभागाकडे पाठवलेला अर्ज फिरून जिल्हा न्यायालयातच येतो. उच्च न्यायालयाकडे पाठवायचा असेल तर रजिस्ट्रार जनरल यांच्या नावाने पाठवावा आणि त्या जिल्ह्याच्या पालक न्यायमूर्तींसमोर, म्हणजे त्या जिल्ह्यावर देखरेख ठेवणाऱ्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसमोर, ठेवण्याची विनंती त्यात लिहावी. जिल्हा पातळीवर काहीच हालचाल नसेल तर हे दार उपयोगी पडते. पहिल्याच दिवशी तिकडे धाव घेतली, तर तोच कागद 'अहवाल सादर करा' असा शेरा घेऊन जिल्ह्याला उतरतो.

न्यायाधीशांविरुद्धची तक्रार ही वेगळी गोष्ट आहे. तिला प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येईल असा पुरावा लागतो, आणि निकाल पटला नाही म्हणून केलेली तक्रार तिथेच थांबते. एकाच अर्जात 'लिपिक उद्धट आहे आणि साहेबांनी आदेशही चुकीचा दिला' असे लिहिले की लिपिकाचा भागही त्यातच बुडतो. दोन विषय एका कागदावर आणू नयेत.

तक्रारीचा पहिला कागद

या व्यवस्थेचे यशापयश सर्वात जास्त इथे ठरते. पुढे येणारे दोषारोपपत्र याच कागदावरून तयार होते. कागद मोघम असेल तर आरोप मोघम होतो, आणि मोघम आरोप उलटतपासात टिकत नाही.

कमकुवत तक्रार अशी असते: 'नक्कल विभागातील कर्मचारी नेहमी उद्धटपणे बोलतात व पैशांची अपेक्षा करतात. योग्य ती कारवाई व्हावी.' यात कोण नाही, कधी नाही, काय बोलले नाही. कर्मचाऱ्याचा खुलासा एका ओळीत येतो, 'आरोप खोटे आहेत', आणि फाइल दप्तरी दाखल, म्हणजे बंद, होते.

टिकणारी तक्रार अशी: 'अमुक तारखेला सकाळी 11.20 च्या सुमारास मी नक्कल विभागाच्या खिडकीवर नियमित दिवाणी दावा क्रमांक अमुक मधील निकालाच्या नकलेची चौकशी केली. नक्कल अर्जाचा क्रमांक अमुक. खिडकीवरील कनिष्ठ लिपिकांनी नोंदवही न पाहता "रोज रोज येऊन डोके खाऊ नका, तयार झाली की कळेल" असे मोठ्याने म्हटले आणि अर्ज माझ्या अंगावर परत फेकला. त्या वेळी रांगेत अमुक वकील व अमुक पक्षकार हजर होते.' नाव माहीत नसेल तर खिडकी, वेळ आणि टेबल लिहावे. हजेरीपट आणि कामवाटपाच्या आदेशावरून नाव कार्यालयालाच काढता येते. बोललेले शब्द जसेच्या तसे अवतरणात द्यावेत, शिवी असली तरी. 'अर्वाच्य भाषा वापरली' हा तक्रारदाराचा निष्कर्ष झाला. चौकशीत निष्कर्षाला किंमत नसते, शब्दांना असते.

अर्जाला जोडायची कागदपत्रे प्रकरणानुसार बदलतात. नकलेचा विषय असेल तर नक्कल अर्जाची पोच, आणि नक्कल मिळाली असेल तर तिच्या पाठीवरचा शिक्का. त्यावर अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली, या तारखा असतात. मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे नक्कल मिळवण्यात गेलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो. 'तयार'ची तारीख मागे टाकली तर जिल्हा न्यायालयातल्या अपिलाचे 30 दिवस पक्षकाराच्या नकळत संपू शकतात. हा प्रकार उद्धटपणाच्या कितीतरी वरचा आहे, म्हणून अर्जात तो वेगळ्या परिच्छेदात मांडावा.

बेलिफाचा विषय असेल तर त्याच्या बजावणी अहवालाची प्रमाणित नक्कल काढल्याशिवाय तक्रार करू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5 नियम 17 प्रमाणे दारावर समन्स चिकटवले असेल, तर घर कोणी दाखवले आणि कोणाच्या समक्ष चिकटवले त्या माणसांची नावे-पत्ते अहवालात यावे लागतात. खोट्या अहवालात बहुधा हीच जागा रिकामी असते, नाहीतर गावात कोणी न ओळखणारी नावे असतात. बजावणीची नोंद मोबाइलवरून घेणारी एनस्टेप प्रणाली वापरात असेल तिथे जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. अर्जात ती नोंद तपासण्याची मागणी स्पष्ट शब्दांत करावी, कारण न मागता ती क्वचितच पाहिली जाते. समन्सची फी पक्षकाराने आधीच भरलेली असते. त्यावर गाडीभाडे, चहापाणी, 'पेट्रोल' या नावाने मागितलेला प्रत्येक रुपया बेकायदा आहे.

अर्ज हाती द्यायचा तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच खिडकी सोडावी. पोच द्यायला नकार मिळाला तर तिथे वाद न घालता नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवावा. खिडकीवरचा वाद चढला की उलट तक्रार येते, आणि सरकारी कामात बळाचा वापर करून अडथळा आणल्याचे भारतीय न्याय संहितेचे कलम 132 लावण्याची भाषा होते. त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. निनावी अर्ज करू नये, तो बाजूला पडतो.

तक्रार कशाची होत नाही, हेही ठाऊक हवे. कमी कोर्ट फी स्टॅम्प असलेला अर्ज न स्वीकारणे, निरीक्षणाचा अर्ज न दिलेल्या माणसाला फाइल हाताळू न देणे, आदेश टाइप होऊन सही होण्याआधी 'काय निकाल लागला' हे न सांगणे, ही कर्मचाऱ्याची कामे आहेत. तो रूक्षपणे बोलला तरी नियम पाळत होता. एकेका लिपिकाच्या टेबलावर दोघांचे काम असते आणि बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत, शेकड्याने प्रकरणे असतात. असल्या गोष्टी तक्रारीत घातल्या की खरी तक्रारही हलकी होते.

प्राथमिक चौकशी: सर्वात नाजूक टप्पा

अर्ज आला की कर्मचाऱ्याकडून खुलासा मागवला जातो आणि गरज वाटली तर एखाद्या न्यायिक अधिकाऱ्याला किंवा प्रबंधकाला प्राथमिक चौकशी करायला सांगितले जाते. या टप्प्याचा हेतू फक्त पुढे जायला दम आहे का, हे पाहण्याचा असतो. इथे घेतलेल्या जबाबांवर शिक्षा देता येत नाही. तेच साक्षीदार नियमित चौकशीत पुन्हा तपासावे लागतात आणि कर्मचाऱ्याला त्यांचा उलटतपास करू द्यावा लागतो. प्राथमिक अहवाल तसाच उचलून दोष सिद्ध धरला, तर तो आदेश उच्च न्यायालयात टिकत नाही.

बहुतेक तक्रारी याच टप्प्यावर विरतात. तोंडी समज दिली जाते, किंवा कर्मचाऱ्याला खिडकीवरून उचलून अभिलेख कक्षात बसवले जाते. बदली ही नियमातली शिक्षा नाही. ती प्रशासकीय सोय आहे, तिची नोंद सेवापुस्तकात शिक्षा म्हणून होत नाही. पक्षकाराला वाटते कारवाई झाली. वर्षाने तोच माणूस दुसऱ्या खिडकीवर येतो आणि मागचा एकही कागद त्याच्या नावावर नसतो. यंत्रणेची आम्हाला सर्वात जास्त खटकणारी सवय ही आहे.

नियम 10: न वापरलेले हत्यार

शिस्त व अपील नियमांत शिक्षांचे दोन गट आहेत. किरकोळ शिक्षांत ठपका, पदोन्नती रोखणे, झालेल्या नुकसानीची पगारातून वसुली आणि वेतनवाढ रोखणे येते. जबर शिक्षांत पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी येते. शेवटच्या दोहोंतला फरक व्यवहारात मोठा आहे. काढून टाकलेला माणूस पुन्हा शासकीय नोकरीसाठी अपात्र ठरत नाही, बडतर्फ झालेला सामान्यतः ठरतो.

किरकोळ शिक्षेसाठी नियम 10 ची कार्यपद्धती आहे आणि ती मुद्दाम हलकी ठेवली आहे. कर्मचाऱ्याला काय केले ते लिहून ज्ञापन (लेखी नोटीस) द्यायचे, म्हणणे मांडायला वाजवी मुदत द्यायची, आलेले म्हणणे विचारात घेऊन कारणांसह आदेश काढायचा. प्राधिकाऱ्याला गरज वाटली तरच तोंडी पुरावा. खिडकीवरची अरेरावी, कामात चालढकल, बोर्ड वेळेवर न लावणे, रोजनामा (प्रकरणातली तारखेवार नोंद) अर्धवट सोडणे, अर्ज परत फेकणे या सगळ्यांसाठी हीच वाट योग्य आहे. काही आठवड्यांत निर्णय होऊ शकतो, सेवापुस्तकात नोंद राहते, आणि तोच प्रकार पुन्हा घडला तर पुढचा प्राधिकारी मोकळ्या हाताने बसत नाही. ठपका ऐकायला सौम्य वाटतो. पदोन्नतीच्या वेळी सेवापुस्तक उघडले की तो सौम्य राहत नाही.

तरी ही वाट टाळली जाते. एक तर 'एवढ्याशा गोष्टीसाठी कागद कशाला' म्हणून तोंडी बोळवण होते. नाहीतर प्रकरण तापले, बार असोसिएशनने ठराव केला, की सरळ निलंबन आणि जबर शिक्षेची चौकशी सुरू होते. एका वाक्याच्या उद्धटपणासाठी मांडलेली ती चौकशी दोन-तीन वर्षे रेंगाळते, शिक्षा जड झाली तर अपिलात प्रमाणाबाहेर म्हणून कमी होते, आणि मधल्या काळात कार्यालयाचा एक माणूस कामाबाहेर बसून निर्वाह भत्ता घेतो.

नियम 10 वापरताना एक खड्डा आहे. वेतनवाढ 'पुढील वेतनवाढींवर परिणाम न होता' रोखली तर ती किरकोळ शिक्षा. कायमच्या परिणामासह रोखली तर माणूस वेतनश्रेणीत कायमचा मागे पडतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच अशा शिक्षेला पूर्ण चौकशी लागते असे ठरवले आहे. आदेश टाइप करताना हे शब्द इकडचे तिकडे झाले की अख्खा आदेश अपिलात पडतो. कार्यालयाने नमुना आदेशात हा मजकूर ठळक करून ठेवावा.

नियम 8: पूर्ण चौकशी

जबर शिक्षेसाठी खातेनिहाय चौकशी लागते. दोषारोप ज्ञापनासोबत चार जोडपत्रे जातात: दोषारोप, त्यांचा तपशीलवार आधार, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. कर्मचारी, म्हणजे नियमांच्या भाषेत अपचारी, लेखी बचाव देतो. आरोप नाकारले की चौकशी अधिकारी आणि सादरकर्ता अधिकारी (खात्याची बाजू मांडणारा) नेमले जातात. कागदपत्रे पाहू दिली जातात, साक्षी होतात, उलटतपास होतो, बचावाचे साक्षीदार येतात, मग अहवाल.

न्यायालयांतल्या चौकशीत चौकशी अधिकारी सहसा न्यायाधीशच असतो, आणि ही या व्यवस्थेची खरी जमेची बाजू आहे. साक्ष नीट नोंदली जाते, कागद नीट शाबीत होतो, अवांतर प्रश्न थांबवले जातात. इतर खात्यांत अभियंता किंवा तहसीलदार ही चौकशी करतो तेव्हा जो गोंधळ होतो, तो इथे फारसा होत नाही. उणी बाजू वेळेची आहे. न्यायाधीशाचा स्वतःचा बोर्ड भरलेला असतो, चौकशी पाच वाजल्यानंतर किंवा मधल्या सुटीत घेतली जाते, आणि तारखा पडत राहतात.

कुठे मोडते ते सांगणे जास्त महत्त्वाचे. ज्या न्यायाधीशासमोर उद्धटपणा घडला त्यानेच चौकशी केली, तर पूर्वग्रहाचा आक्षेप पहिल्याच दिवशी येतो आणि तो रास्त असतो. तो साक्षीदार आहे, त्याने तिथेच राहावे. सादरकर्ता अधिकारी गैरहजर असताना चौकशी अधिकाऱ्याने स्वतः साक्षीदाराला प्रश्नामागून प्रश्न विचारले, तर तो फिर्यादी झाला असे समजले जाते. कर्मचाऱ्याची जुनी प्रकरणे शिक्षेचे वजन वाढवायला वापरायची असतील तर ती आधी त्याला कळवावी लागतात. म्हैसूर राज्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये हे ठरवले, तरी आजही अंतिम आदेशात 'यापूर्वीही तक्रारी आल्या होत्या' हे वाक्य अचानक उगवते. चौकशी अहवालाची प्रत देऊन म्हणणे मागवल्याशिवाय शिक्षा देता येत नाही. ईसीआयएल (इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या निकालानंतर, प्रत न मिळाल्याने प्रत्यक्ष नुकसान झाले का हेही पाहिले जाते. पण त्या वादात वर्षे जातात, म्हणून प्रत द्यावी आणि 15 दिवस द्यावेत.

आणि तक्रारदार साक्षीला येत नाही. उद्धटपणाच्या प्रकरणांत हे सर्वात मोठे कारण आहे. त्याचा दावा निकाली निघालेला असतो, त्याला पुन्हा त्या इमारतीत पाय ठेवायचा नसतो. मग उरतो तो अर्ज, आणि तो लिहिणाऱ्याने शपथेवर सांगितल्याशिवाय अर्जाला पुराव्याचे वजन येत नाही. तक्रार करणाऱ्याने एक-दोन तारखांना हजर राहण्याची तयारी ठेवूनच अर्ज करावा. रांगेतल्या वकिलांनीही फक्त सह्यांचे निवेदन न देता साक्षीदारांच्या यादीत नाव द्यावे.

पुराव्याची पातळी फौजदारी खटल्याइतकी कडक नसते. असे घडले असण्याची शक्यता जास्त आहे का, एवढे पाहिले जाते. म्हणून फौजदारी खटल्यातून सुटका झाली तरी विभागीय शिक्षा आपोआप रद्द होत नाही. पुरावा कायद्याचे काटेकोर नियमही लागू नसतात. तरीही मोबाइलवरचे रेकॉर्डिंग द्यायचे असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) प्रमाणे प्रमाणपत्र जोडलेले बरे. कोर्टहॉलमध्ये मात्र परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करू नये, त्यातून तक्रारदारच अडचणीत येतो.

निलंबन आणि घड्याळ

कर्मचारी 48 तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर तो निलंबित झाला असे मानले जाते. एरवी निलंबन ऐच्छिक आहे आणि उद्धटपणासाठी ते क्वचितच लागते. सुरुवातीला अर्ध्या पगाराच्या रजेइतका निर्वाह भत्ता मिळतो. तीन महिन्यांनंतर, उशीर कोणामुळे झाला ते पाहून, तो मूळ भत्त्याच्या निम्म्या रकमेपर्यंत वाढवता किंवा घटवता येतो. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालवता येत नाही.

त्याच वर्षी, 16 डिसेंबर 2015 रोजी, दिल्लीच्या जिल्हा न्यायालयातल्या एका कर्मचाऱ्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे निकाली निघाले. हा माणूस नऊ वर्षांहून अधिक काळ निलंबित होता. सक्तीच्या सेवानिवृत्तीची शिक्षा न्यायालयाने कायम ठेवली, पण निलंबनाचा काळ निवृत्तिवेतनासाठी धरायला सांगितला. विभागीय चौकशी शक्यतो सहा महिन्यांत, अगदीच अपरिहार्य असेल तर एका वर्षात संपवा, असेही बजावले. न्यायालयांच्या घरातल्याच प्रकरणावरून आलेली ही मुदत न्यायालयांनीच सर्वात आधी पाळायला हवी. प्रत्येक जिल्ह्यात प्रलंबित चौकशांचा मासिक तक्ता वरिष्ठांपुढे जावा आणि एक वर्ष ओलांडलेल्या प्रत्येक चौकशीपुढे कारण लिहिलेले असावे, इतकी साधी सुधारणाही मोठा फरक करील.

निवृत्ती जवळ आलेल्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत उशीर जास्त महाग पडतो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1982 च्या नियम 27 प्रमाणे, निवृत्तीनंतर नव्याने चौकशी सुरू करायची असेल तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

ज्या गोष्टींची वाट वेगळी आहे

लाच मागितली असेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज देऊन थांबू नये. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. पैसे देण्याआधी जावे म्हणजे मागणीची पडताळणी होते, पंचांसमक्ष पावडर लावलेल्या नोटा दिल्या जातात आणि सापळा लावला जातो. नाइलाजाने पैसे देऊन झाले असतील तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर सात दिवसांत कळवणे आवश्यक आहे, नाहीतर देणाराही आरोपी होऊ शकतो. नाझराकडे जमा रक्कम किंवा मुद्देमाल कमी भरला तर विभागीय वसुलीसोबत लोकसेवकाने केलेल्या विश्वासघाताचा गुन्हाही नोंदवला जातो.

लैंगिक छळाची तक्रार, मग ती कर्मचारी महिलेची असो, वकिलाची असो वा पक्षकार महिलेची, 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे जाते. घटनेपासून तीन महिन्यांत करावी, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. समितीने 90 दिवसांत चौकशी संपवायची असते. 'अरेरावी' या शीर्षकाखाली ही तक्रार घालू नये, तिचे वजन कमी होते.

गोव्याची न्यायालये मुंबई उच्च न्यायालयाच्याच छत्राखाली आहेत, पण तिथे केंद्राचे नियम चालतात. केंद्रीय वर्तणूक नियमांतला नियम 3-अ सरळ म्हणतो की कर्मचाऱ्याने कामात असभ्यपणे वागू नये आणि मुद्दाम वेळकाढूपणा करू नये. पणजी किंवा मडगावच्या तक्रारदाराने हा नियम अर्जात लिहावा. तिथे किरकोळ शिक्षेची वाट नियम 16 ची आणि जबर शिक्षेची नियम 14 ची.

कर्मचाऱ्याच्या बाजूने

ज्ञापन हाती आले की रागात दोन ओळींचा खुलासा देऊ नये. आधी यादीतली कागदपत्रे पाहायला मागावीत, त्या दिवसाचे कामवाटप, हजेरीपट आणि आवक नोंदवही यांच्या नकला मागाव्यात. अर्ज खरोखर कोर्ट फी नसल्यामुळे परत केला असेल तर त्या दिवशीची त्रुटीची नोंद हाच सर्वात चांगला बचाव असतो. म्हणून अर्ज परत करताना कारण लिहून देण्याची सवय लावावी. बचाव सहायक म्हणून नियमांची माहिती असलेला सहकारी घ्यावा. वकील फक्त परवानगीने मिळतो, मात्र समोरचा सादरकर्ता विधिज्ञ असेल तर तो मागण्याचा हक्क आहे.

अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून 45 दिवस आहे आणि जिल्हा न्यायाधीशांच्या आदेशावरचे अपील उच्च न्यायालयाच्या प्रशासकीय बाजूकडे जाते. तिथे यश आले नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे धावू नये. 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 2 ने न्यायालयीन कर्मचारी त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. वाट अनुच्छेद 226 खालच्या रिट याचिकेचीच.

तक्रारदाराला काय कळते

या बाबतीत व्यवस्था खूप कमी पडते. अर्जदाराला आवक क्रमांकापलीकडे काही कळवण्याची सक्ती नसल्यासारखा व्यवहार चालतो. माहिती अधिकारात विचारले तर 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार घेऊन ज्ञापन, ठपका, शिक्षेचा आदेश ही वैयक्तिक माहिती ठरवली जाते आणि अर्ज फेटाळला जातो. त्यामुळे प्रश्न कसा विचारायचा यावर सगळे आहे. 'अमुक कर्मचाऱ्याला काय शिक्षा झाली' असे विचारू नये. 'माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेली कार्यवाही, तो कोणत्या टेबलावर किती दिवस होता, आणि तो निकाली काढला असल्यास त्याची तारीख' असे विचारावे. हा तुमच्याच अर्जाचा प्रवास आहे, तो नाकारणे अवघड जाते. मूळ तक्रारीच्या शेवटीच 'कार्यवाही पूर्ण झाल्यावर मला लेखी कळवावे' अशी ओळ घालून ठेवावी, आणि दोन महिन्यांनी त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्यावे.